आजीच्या पानांनी विषाणू अडवला, मग भाच्याला ते औषध का दिलं नाही?

सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावातली ही वाचक पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. तिची आजी गावात तापकऱ्यांना एका वेलीच्या पानांचा काढा देते, आणि आजीच्या आईपासून हे चालत आलंय. त्याच पानांचा मिथेनॉलमध्ये, म्हणजे एका विषारी अल्कोहोलमध्ये, काढलेला अर्क तिने डेंग्यूच्या विषाणूवर तपासला. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम या मात्रेला ८२ टक्के प्लाक, म्हणजे विषाणूने पेशींच्या थराला पाडलेली भोकं, कमी झाले. लॅबमध्ये पेढे वाटले गेले. गाइड म्हणतात, महिन्याभरात पेपर पाठवू. तालुक्याच्या वार्ताहराला बातमी हवी आहे. आणि गेल्या पावसाळ्यात तिच्या सात वर्षांच्या भाच्याला डेंग्यू झाला. ताईने फोन करून "तुझ्या त्या बाटलीतलं थोडं पाठव" म्हटलं, हिने नाही म्हणून सांगितलं. मुलगा दवाखान्यात बरा झाला, पण ताई अजून नीट बोलत नाही. ती विचारते: "औषध हातात असताना गप्प बसणं हा गुन्हाच नाही का? मलेरियावरचं औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांनीही आधी स्वतःच औषध घेतलं होतं. या वर्षी मी स्वतः घेऊन बघू का, आणि मग द्यायला सुरुवात करू का?"

*

प्रिय मुली,

वयाने तू माझ्या लेकीएवढी आहेस, म्हणून अहो-जाहो करत नाही. मी पंचवीस वर्षं विषाणूंच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे तुझं पत्र वाचताना ती प्लेट माझ्या डोळ्यांसमोर आली. सात दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली, फॉर्मेलिनने पक्की केलेली, वरचा चिकट थर ओतून दिलेला, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालून नळाच्या बारीक धारेखाली धुतलेली. नुसत्या विषाणूच्या खान्यात जांभळ्या थराला कसर लागल्यासारखी भोकं पडलेली, आणि शेजारी तुझ्या अर्काच्या खान्यात सलग जांभळा रंग. तो क्षण मी जगले आहे. पेढे वाटलेत ते योग्यच केलंत.

आधी तुझ्या ताईचं बोलते, कारण पत्राच्या शेवटी आलं असलं तरी तुझं खरं दुखणं ते आहे. तू बाटली पाठवली नाहीस हे बरोबर केलंस. शंभर टक्के बरोबर. त्या बाटलीत मिथेनॉलमध्ये काढलेला आणि डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला अर्क आहे. त्यात मिथेनॉल किती उरलंय, पानांबरोबर कोणती बुरशी, कोणतं कीटकनाशक आलंय, हे कोणी मोजलेलं नाही. सात वर्षांच्या, उलट्या होत असलेल्या मुलाच्या पोटात ते जाणं हे औषध देणं नव्हतं. त्याच्या मावशीने त्याच्यावर केलेला तो प्रयोग ठरला असता.

आता तुझं ते वाक्य: "औषध हातात असताना". सगळी गाठ तिथेच आहे, म्हणून तेच उलगडून बघू.

तुझे आकडे तू प्रामाणिकपणे दिलेस, त्यांचाच आधार घेते. निम्म्या पेशी मरतात ती मात्रा तुझ्याकडे त्याच मापात १८०, आणि विषाणूची वाढ निम्म्यावर येते ती ४५. भागाकार चार. साधारणपणे हा आकडा दहाच्या वर गेला तरच आपण त्या अर्काकडे आशेने बघतो. चारचा अर्थ असा की विषाणूला पुरेल आणि पेशीला झेपेल, यांतलं अंतर फार कमी आहे. शिवाय ८२ टक्के ज्या मात्रेला मिळाले, त्या मात्रेला तुझ्या व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) कितपत धडधाकट होत्या? क्रिस्टल व्हायोलेट पेशी तळाला चिकटलेली आहे एवढंच सांगतो. आजारी, अर्धमेली पेशीसुद्धा जांभळी दिसते. विषाणू पेशीची यंत्रणा वापरून वाढतो. ती यंत्रणाच दमली तर तो वाढणार नाही, पण म्हणून अर्काने विषाणू मारला असं होत नाही.

त्यातून तू पेशी जिवंत आहेत की नाही हे एमटीटी या रंगद्रव्याने तपासलंस. पिवळं एमटीटी जिवंत पेशी जांभळं करतात हे खरं, पण पानांतली पॉलीफेनॉल ही रसायनं पेशी नसतानाही ते जांभळं करतात. म्हणजे पेशी मेलेल्या असल्या तरी तुझं यंत्र "जिवंत" म्हणेल. एक रांग फक्त अर्क आणि एमटीटीची लाव, पेशी न घालता. एका दिवसाचं काम आहे. मला भीती आहे की तुझा १८० चा आकडा त्यानंतर खाली येईल.

आणखी एक. अर्क आणि विषाणू तू आधी एका नळीत तासभर एकत्र ठेवलेस आणि मग पेशींवर घातलेस. तुरट पानांत टॅनिन असतं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. चहाने जीभ ओढल्यासारखी होते ती त्यामुळेच. नळीत ते विषाणूच्या कवचाला चिकटलं आणि विषाणू पेशीत शिरू शकला नाही, असं सहज घडलं असेल. पण माणसाच्या अंगात विषाणू रक्तात आणि काढा पोटात असतो. त्यांची अशी तासभराची गाठ कधी पडतच नाही. म्हणून अर्क विषाणूच्या आधी, विषाणूबरोबर आणि विषाणू पेशीत शिरल्यानंतर दोन-चार-आठ तासांनी, असा वेगवेगळ्या वेळी घालून बघ. अर्कातलं टॅनिन काढून टाकून पुन्हा बघ. शिरल्यानंतर घालूनही विषाणू अडला, तर मला पुन्हा पत्र पाठव. त्या दिवशी मीही पेढा खाईन.

आता एक साधं गणित, अगदी ढोबळ. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाच्या अंगात ३६ लिटरच्या आसपास पाणी असतं. तेवढ्यात तुझी मात्रा गाठायची तर ३.६ ग्रॅम अर्क पूर्णच्या पूर्ण शोषला जायला हवा आणि यकृताने त्याला हातही लावता कामा नये. शंभरातला एकच भाग आत गेला, आणि अशा रेणूंच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, तर ३६० ग्रॅम अर्क लागेल. पानं नव्हे, अर्क! आजीच्या पेलाभर काढ्यात तो येतो कुठून? शिवाय आजीचा काढा पाण्याचा, तुझा अर्क मिथेनॉलचा. पाण्यात न उतरणारं बरंच काही मिथेनॉलमध्ये उतरतं. म्हणजे प्लेटमध्ये तू जे तपासलंस ते आजीचं औषध नव्हतंच. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तू हे काम आजीसाठी सुरू केलंस हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. चुलीवर आजी उकळते तसाच, पाणी एक चतुर्थांश उरेपर्यंत आटवलेला काढा घे, गोठवून वाळव, आणि तोही शेजारी लाव.

तू विचारशील, मग आजीच्या हातून इतकी माणसं बरी झाली ती कशी? डेंग्यूत बहुतेक माणसं आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच बरी होतात. प्लेटलेट खाली जातात आणि सहाव्या-सातव्या दिवसानंतर आपोआप वर येतात. त्या सुमारास जे पोटात गेलेलं असेल, त्याच्या नावावर ते जमा होतं, मग ते पपईचं पान असो, किवी असो की बकरीचं दूध. पपईच्या पानांच्या रसावर मलेशियात २२८ रुग्णांची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट जास्त वाढल्या. काम दखल घेण्यासारखं आहे. पण प्लेटलेट वाढणं म्हणजे विषाणू मरणं नव्हे, आणि डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा नुसत्या प्लेटलेट कमी झाल्याने नाही.

हे प्रत्येक घराने समजून घ्यावं असं मला फार वाटतं. डेंग्यूचा विषाणू रक्तात सगळ्यात जास्त असतो तो तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. ताप उतरतो तेव्हा विषाणूही ओसरत असतो. पण रक्तवाहिन्या पाझरायला लागतात त्या नेमक्या त्याच सुमारास. रक्तातला द्रव पोटात, छातीत झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. म्हणजे घरचे "ताप गेला बाई एकदाचा" म्हणून सुस्कारा टाकतात ते एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे. तुझा अर्क उद्या खरोखर विषाणू मारणारा निघाला, तरी ताईने फोन केला त्या पाचव्या दिवशी त्याला मारायला फारसं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी भाच्याला हवी होती ती मोजून दिलेली सलाइन आणि दर काही तासांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, बघणारी नर्स. ती दोन्ही त्याला मिळाली. हे ताईला सांग. फोनवर नको, समोर बसून. "माझ्याकडे औषध असतं तर मी रात्रीची एसटी पकडून आले असते" हे तुझ्या तोंडून तिने ऐकायला हवं.

प्लेट ते माणूस हे अंतर किती मोठं, याचं एक उदाहरण तुझ्या कामाच्या अगदी जवळचं आहे. ऑस्ट्रेलियात ब्लॅक बीन नावाचं झाड आहे. त्याच्या बियांतून कॅस्टॅनोस्पर्मिन मिळतं, आणि त्यापासून सेल्गोसिव्हिर हा रेणू बनवला गेला. पेशींमध्ये त्याने डेंग्यू अडवला, उंदरांना मरणातून वाचवलं. तुझ्याकडे आज जे आहे त्याच्या कितीतरी पुढचा हा पल्ला. सिंगापूरमध्ये ५० रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले: औषध सोसलं, पण विषाणूही कमी झाला नाही आणि तापही. त्याआधी २०१० मध्ये व्हिएतनाममधल्या ३०७ रुग्णांवरच्या चाचणीत क्लोरोक्विनचंही तेच झालं. ही माणसं आळशी नव्हती, नशीब फुटकं म्हणूनही असं झालं नाही. शरीर प्लेटसारखं वागत नाही, एवढंच.

पण मी तुला निराश करायला बसलेली नाही. आपल्याच बांधावरची दुसरी गोष्ट आहे. दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी केंद्रातल्या गटाने पहाडवेलीवर, म्हणजे आयुर्वेदातल्या पाठावर, काम केलं आणि तिचा अर्क डेंग्यूच्या चारही प्रकारांवर चालतो असं २०१५ मध्ये दाखवलं. पुढे त्याच धाग्याने वासनवेलीचा शुद्ध केलेला पाण्यातला अर्क पुढे आला. लहानपणी आपण जिची पानं पाण्यात कुस्करून हिरवी जेली करायचो तीच ही वासनवेल! डेंग्यूसाठी घडवत असलेल्या त्याच अर्काला २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीची परवानगी मिळाली, पण त्याआधी माणसांत तो किती सोसतो हे तपासून झालं होतं. भारतात अशा औषधांसाठी ३० नोव्हेंबर २०१५ ची स्वतंत्र तरतूद आहे: प्रमाणित अर्क, त्यात किमान चार ओळखता आणि मोजता येणारी रसायनं, आणि मग नेहमीच्या औषधांसारख्या चाचण्या. तुझ्या पानांना जायचं असेल तर याच वाटेने जाता येईल.

तू यूयू यांचं तू लिहिलंस ते खरं आहे, पण अर्धं. १९७२ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी अर्क घेतला, तो प्राण्यांवरची विषाक्तता तपासून झाल्यावर, रुग्णालयात देखरेखीखाली. आणि त्यांचं मोठेपण औषध पिण्यात नव्हतं. आधीचे अर्क कधी चालायचे, कधी नाही. उष्णतेने गुण जातो हे जुन्या पोथीतल्या एका ओळीवरून त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कमी तापमानात ईथरने अर्क काढला. पोथी वाचून प्रयोग बदलला, हे त्यांच्याकडून घे. तू निरोगी आहेस; तू अर्क प्यायलीस तर डेंग्यूबद्दल एक अक्षरही कळणार नाही. कळलंच तर तुझ्या यकृताबद्दल कळेल. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वेल नक्की गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही. वाद कोणाचा बरोबर ते बाजूला ठेव, पण "आपली पानं, त्यांनी काय होणार" हे म्हणता येत नाही एवढं त्यातून नक्की दिसतं. डेंग्यूत तर यकृत आधीच सुजलेलं असतं.

म्हणून, नाही. स्वतः घेऊ नकोस आणि कोणाला देऊ नकोस. तुझ्या वेलीचं नाव मी इथे मुद्दाम छापलेलं नाही. उद्या कोणी पोती भरून आणायला नको.

गाइडना कसं सांगायचं, हा तुझा पुढचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालू नकोस. "सर, परीक्षक हे विचारणारच, आपण आधीच करून ठेवू" म्हण, आणि वरचे प्रयोग एका कागदावर लिहून ने. जोडीला चारही प्रकारचे विषाणू, रिबाव्हिरिनसारखं एक तुलनेचं औषध, वेगवेगळ्या ऋतूंत तोडलेल्या पानांचे किमान तीन घाणे, आणि प्लाक मोजणाऱ्याला कोणत्या खान्यात काय आहे हे ठाऊक नसणं. शेवटचं अगदी फुकट होतं: मैत्रिणीला प्लेटवरची नावं कागदाने झाकायला सांग. पेपरच्या शीर्षकात "पेशींमधील" हा शब्द हवाच. अर्क तितका खास निघाला नाही, तर तेही लिही. पीएच.डी. त्यानेही होते.

वार्ताहराला एकच वाक्य लेखी दे: "पेशींवर प्राथमिक काम सुरू आहे, माणसांसाठी औषध नाही." तेवढ्यावर तो बातमी करणार नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

वेलीची ओळख मात्र पक्की कर. पत्रात तू फक्त गावाकडचं नाव लिहिलंस; एका नावाच्या तीन-तीन वेली असतात. श्रावणात घरी जाशील तेव्हा फुलोरा असलेली फांदी तोड, वर्तमानपत्रात दाबून वाळव आणि पुण्यात आघारकर संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात दाखवून नोंद क्रमांक घे. त्या कागदावर गाव, तारीख, स्थानिक नाव आणि उपयोग लिहितात. उपयोग कोणाकडून कळला तिथे आजीचं नाव घाल, तिला विचारून. पेटंटचा विषय निघाला तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो, आणि माहिती ज्या गावातून आली त्या गावाचाही त्यात हक्क आहे. पेपर आधी छापला की पेटंट अवघड होतं, म्हणून हे गाइडशी आत्ताच बोल.

तुझ्या लॅबमध्ये विषाणू बहुधा सी-६/३६ या डासाच्या पेशींत वाढवत असतील. या पेशी मूळच्या पुण्याच्या. तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्हीत), के. आर. पी. सिंह यांनी १९६७ मध्ये डासाच्या अळ्यांपासून त्या वाढवल्या, आणि १९७८ मध्ये इगाराशी यांनी त्यांतून हा वाण वेगळा केला. सिंह यांनी कुठलं औषध शोधलं नाही. पण डेंग्यूवर काम करणाऱ्या जगभरच्या लॅबमध्ये आजही त्या पेशी आहेत. तुझ्या हातून नेटका, दुसऱ्याला जसाच्या तसा करता येईल असा एक प्रयोग झाला, तर तोही रुग्णांच्याच कामी येतो. त्याला गप्प बसणं म्हणत नाहीत.

राहिली आजी. माझं मत विचारशील तर पावसाळ्यात तापाला तिने काढा देऊ नये. कडू काढ्याने उलटी झाली तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. पण तिला "बंद कर" म्हणायला जाऊ नकोस. गावात ताप आला की डॉक्टरच्या आधी माणसं तिच्या दारात येतात, आणि ही जागा कुठल्या आरोग्यसेविकेलाही सहज मिळत नाही. त्याच चुलीवर तिला मीठ घातलेली पेज करायला सांग, ओआरएसची पाकिटं आणून ठेव. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं, लघवी कमी होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच वेळी गाडी करून दवाखाना. तिला वाचता येत नाही असं तू लिहिलंस, मग चित्रं काढून दाराआड चिकटव.

आणि आजी प्रत्येकाला निरोप देताना काहीतरी म्हणत असेलच, त्यात एवढं घालायला सांग: "ताप उतरला म्हणून शेतावर जाऊ नकोस, उद्या नि परवा मला तोंड दाखवून जा."

तुझी,
ताई